पाठीमागचा हॉर्न

इंदूर, मंगळवार, दिवेलागण

यांचं ट्रकचं लायसन आलं. उद्या पहाटे सांवेरहून सोयाबीन भरून मुंबईकडे निघणार.

कापडमिल बंद झाल्यापासून घरी बसलेत, काम हवंच होतं, कळतं मला. गाडीही येते, काकांचा मेटॅडोर चालवायचे. पण उभी हयात लूमच्या खडखडाटात काढून कान गेलेत. त्यांच्या खात्यात सगळे हाताच्या खुणांनीच बोलायचे. हे घरीही पाणी खुणेनंच मागतात. लायसनसाठी डॉक्टरनं कान तपासायला हवे होते ना? समोर बसून विचारलं तर म्हणाले, "एजंट म्हणाला, डॉक्टर का टेंशन मत लो भिया, ठप्पा लग गया." कुठल्या डॉक्टरचा? यांनी त्याचं तोंडही पाहिलेलं नाही.

पकडले गेले तर? ते तरी परवडलं. घाटात मागून कुणी हॉर्न वाजवला तर?

मघाशी मुद्दाम यांच्या पाठीमागे परात पाडली. शेजारच्या वहिनी धावत आल्या. हे बुद्धांच्या तसबिरीपुढे लायसन ठेवत होते, वळलेसुद्धा नाहीत. नंतर वहिनींना बघून खुणेनं विचारलं, काय झालं? मीही खुणेनंच सांगितलं, काही नाही.

सारखा तो हॉर्नच डोक्यात वाजतोय.

आता बूट पुसत बसलेत. "नका जाऊ हो," मी म्हटलं. समोर जाऊन म्हणायचं होतं. म्हटलं पाठीमागून.