पहिला रिपोर्ट चांगला होता

दि. ९, बुधवार

वन्सं,

नमस्कार. आम्ही ठीक. तुमचा गुडघा कसा आहे? धाकटी लेक परत कामावर जायला लागली. आपल्या लाँड्रीतलं मोठं मशीन बंद पडलंय, चादरी मी हातानं पिळतेय. मी दुसरी पास, अक्षर लागत नसेल तर पोरांकडून वाचून घ्या.

तक्रारीचा कागद मिळाला. रिपोर्ट चांगला म्हणून डॉक्टरीणबाईनं दादाला घरी धाडलं आणि दुपारच्या आत दादा गेला, असं तुम्ही लिहिलंय. खाली माझी सही मागता. करणार नाही. रागवायचं तर रागवा.

परवा मीच तिच्याकडे भांडायला गेले होते. पोरगीच आहे ती. तिनं मला बसवलं. म्हणाली, हृदयाच्या स्नायूच्या धाग्यांना एक प्रथिन चिकटलेलं असतं. चांगल्या माणसाच्या रक्तात ते जवळजवळ नसतंच. रक्त अडून स्नायू मरायला लागला की त्याच्या पेशी फुटतात, मग ते रक्तात झिरपतं. आधी सुटं असेल तेवढं, मग धाग्यांतलं, सावकाश. कळ आल्या आल्या रक्त काढलं तर त्यात काही दिसेलच असं नाही.

मला काय सांगते ती. लाल कापड भिजवलं की पाणी आधी स्वच्छच दिसतं. तासाभरानं बघा बादलीत. जन्म गेला माझा त्यात.

वन्सं, हे ती त्या सकाळीही बोलली होती. "तीन तास थांबा, परत रक्त घ्यायचंय." मी म्हटलं, "चांगला आला ना? मग कशाला टोचताय? तिकडे चादरी भिजत पडल्यात." तुमचे दादा म्हणाले, "अगं, थांबू या का? अजून दुखतंय."

"नाटकं पुरे. चपला घाला."

घातल्या त्यांनी. माझ्यापुढे कधी बोलले का ते?

घरी येऊन त्यांनी इस्त्री तापवली. चार अभ्रे नीट झाले. पाचवा जळल्याचा वास आला तेव्हा मी मागे चादरी पिळत होते.

दवाखान्यात एक कागद आहे. 'माझ्या जबाबदारीवर घरी नेते.' खाली सही आहे. ती पोरगी तो दाखवून सुटली असती, पण परवा तिनं तो काढलासुद्धा नाही. म्हणून मीच सांगतेय.

तुमचा कागद सही न करता परत पाठवतेय. दवाखान्यातली सही बघायला जाल तेव्हा हे पत्र सोबत न्या. तीच सही खाली केलीय, जुळवून बघा. मग मला वहिनी म्हणायचं की नाही ते ठरवा.

(सही)