आमच्यात नसलेली गल्ली

ती. आईच्या पायांशी नमस्कार.

मी मजेत आहे, जेवण वेळेवर होतं. तुझा गुडघा कसा आहे?

आमच्या उपनगराच्या मतदारसंघाची हद्द बदलली. पाण्याच्या टाकीमागची गल्ली पुढच्या निवडणुकीत दुसरीकडे जाणार, म्हणून खासदारसाहेबांनी आम्हा कचेरीतल्या पोरांना तिथली कामं घ्यायची नाहीत असं बजावलंय. काल तिथल्या एक आजी नळ कोरडा म्हणून कचेरीत आल्या. मी म्हणालो, "तुमची गल्ली आता आमच्यात नाही."

"मत मागायला तूच आला होतास ना रे?" एवढंच विचारून त्या जिना उतरल्या.

आज त्यांच्या घरी जाऊन अर्ज लिहून घेतला. साहेब सही करतील का, देव जाणे. आजींनी शेजारून मागून आणलेलं पाणी माझ्यापुढे ठेवलं. आई, मला ते गिळवेना.

बाबांना यातलं काही सांगू नकोस, माझ्या नोकरीची काळजी करत बसतील.

तुझाच,
धाकटा