मेंढीकोटाला चौथा

बुधवार, १२ नोव्हेंबर

हिंदुराव,

अपेक्षाचं नाव काढलं की तू फोन ठेवतोस. काल तर मी 'अपे' एवढंच म्हणाले, तेवढ्यात ठेवलास. आईच्या तोंडावर फोन आपटायला कुणी शिकवलं तुला? मी नाही, आणि तुझा बाप तर घरात फोन यायच्या आधीच गेला. म्हणून हा कागद. हा अर्धा वाचून ठेवलास, तर पुढं काय लिहिलंय या विचारानं तुला झोप यायची नाही. मीच वाढवलाय तुला.

असो. आशीर्वाद आहे. रतनलाही सांग. चौथीपर्यंतची शाळा माझी, तेव्हा काना-मात्रा शोधत बसू नकोस. तब्येत बरी आहे, गुडघा आहे तसाच आहे. मोरीमागच्या कढीपत्त्याला पाणी घाला.

दत्तोबामामाकडं जाते असं तुझ्या रतनला सांगून मी निघाले. मामाकडं गेले नाही. बस बदलून कर्वेनगरला उतरले, तेव्हापासून इथंच आहे. अपेक्षाकडं. आता कागद फाडायचा तर फाड, पण हे वाचून फाड. तुझ्या पोरीला सातवा लागलाय आणि ती पलंगाला खिळलीय. डॉक्टरीण म्हणाली, उठायचं नाही, गाडीत तर बसायचंच नाही, नाहीतर बाळाचा भरवसा नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी होतं. तुझ्या बहिणीचं झालं, रतनचं झालं. तू तिच्या लग्नापासून दार लावून बसलास. आता उघडलंस तरी तिला धायरीला आणता येत नाही. मग माहेरानंच उठून जायला हवं ना? मी आले. पण मी एकटी म्हणजे माहेर नव्हे.

इथलं दार नंदाबाईंनी उघडलं. पोरीची सासू, समाधानची आई. सरकारी हापिसातून रिटायर झाल्यात. मी म्हणाले, "रामराम." त्या म्हणाल्या, "जयभीम. चपला आत काढा, बाहेर कुत्रं नेतं." झालं स्वागत.

मी पिशवीत पाण्याची बाटली आणि राजगिऱ्याचे लाडू आणले होते. त्यांनी जेवायला विचारलं, मी म्हणाले उपास आहे.

"कुठल्या देवाचा?"

"सगळ्यांचा."

"मग बरेच दिवस चालेल," म्हणाल्या आणि आपलं ताट घेऊन बसल्या. बाटलीकडं एकदा बघितलं. दुसऱ्यांदा काही विचारलं नाही. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली त्या, समोर मी. मधे पोरगी छताकडं बघत पडलेली.

दुपारी ती म्हणाली, "आजी, मी बोअर होऊन मरेन. मेंढीकोट खेळू या का?" रविवार होता, समाधान घरात होता. त्यानं पत्ते काढले. अपेक्षा म्हणाली, "मी आणि समाधान." राहिलो आम्ही दोघी म्हाताऱ्या. भिडू! मी म्हणाले, यांना येतं का? नंदाबाई पानं पिसत म्हणाल्या, "तुमच्याकडं पुरुष पारावर खेळायचे ना? आम्ही समाजमंदिराच्या पायरीवर शिकलो. पानं तीच बावन्न असतात."

खेळतात चांगल्या. तुझ्यापेक्षा चांगल्या.

त्यांनी बदामचा एक्का टाकला. त्याच्याखाली समाधानची दश्शी आली. दश्शीची मेंढी आयतीच आमच्या घरात आली होती. माझ्याकडं बदाम नव्हता. निवांत एखादं फालतू पान टाकायचं, तर मी हुकमाचा राजा हाणला त्यांच्या एक्क्यावर. शेवटचा मोठा हुकूम. समाधान खाली बघून हसला. नंदाबाईंनी चष्मा काढला.

"अहो आजी, हात माझाच होता. मी तुमच्या बाजूची आहे."

डाव आम्ही हरलो, त्या राजापायी. आणखी एक मांडायला लावला मी.

त्यात बाटली संपली. त्यांनी तांब्या पुढं केला नाही. का करतील? मीच उठले, माठातलं घेतलं आणि प्याले. पाणी खडकवासल्याचंच आहे, धायरीत येतं तेच. रात्री त्यांनी दोन भाकरी जास्त थापल्या. उपासाचं काय झालं, हे विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. भाकरी मोडायला लागले तर म्हणाल्या, "मेथी खारट झालीय." झाली होती. तसं मी सांगितलं.

भावकीतला जयसिंग काय म्हणेल, बाकीची भावकी काय म्हणेल, ते मला ऐकवू नकोस. पोरीचं भांडं उचलायला भावकीतलं कुणी येत नाही. नंदाबाई उचलतात. माझा गुडघा वाकत नाही.

अपेक्षा तुझं नाव घेत नाही. फक्त परवा एक डाव हरल्यावर म्हणाली, "पप्पा समोर असले की मला त्यांची पानं कळतात. हुकमाचा एक्का आला की ते कान खाजवतात." रडली नाही. बराच वेळ पत्ते पिसत राहिली.

आता मुद्द्याचं. समाधान इतके दिवस घरून काम करत होता. या रविवारपासून त्याला खराडीच्या हापिसात दुपारची पाळी आहे. पोरीसमोरची जागा रिकामी पडते. तिघींत मेंढीकोट होत नाही. ती जागा मी शेजारपाजाऱ्यांना देणार नाही.

तिच्याशी बोलायचं नाही म्हणतोस ना? नको बोलूस. भिडूशी बोलायचं नसतंच. समोर बसायचं, तिचं पान बघायचं, आपलं टाकायचं. बाकी तिला कळतं.

रविवारी जेवून ये. नको, जेवायला ये. रतनला घेऊन ये आणि डिंकाचे लाडू आण. तोवर फोन करू नकोस, रतनलाही करायला लावू नकोस. आला नाहीस तर बाळंतपण होऊन बाळ बसायला लागेपर्यंत मी इथून हलत नाही. माझं लुगड्यांचं गाठोडं तेवढं माधवच्या रिक्षातून पाठव.

तुझी आई आणि नंदाबाईंची भिडू,
बायडाबाई

ता. क. दार नंदाबाई उघडतील. जयभीम म्हणतील. त्याला उत्तर तू द्यायचं, रतननं नाही.