मेजरला वेगळं ठेवताना

३ ऑक्टोबर, सकाळी ७.१५
फाटकाशी आमच्या कुत्र्याची, मेजरची, एका तांबड्या भटक्या कुत्र्याशी झटापट. मेजरच्या मानेला दात लागले. त्या भटक्याची लाळ फारच गळत होती. झाडूने हाकललं. मेजरची जखम नुसत्या हातांनी पुसली, हळद दाबली. रूथ म्हणत होती, हात लावू नका, कालच विळीने बोट कापलंय तुमचं. बायकोला काळजीची हौस. मी एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं आहे. शिवाय मेजरचं लसीकरण अप टू डेट आहे.

दुपारी
मेजरचं कार्ड सापडलं. शेवटचं इंजेक्शन चार वर्षांपूर्वी. म्हणजे अगदीच शून्य नाही.

४ ऑक्टोबर
रूथने ऐकलं नाही. श्रीरामपूरहून जनावरांच्या डॉक्टर नीलांबरी यांना बोलावलं. हळद बघून त्यांनी आधी साबण मागितला. हातमोजे घालून जखम साबणाने पंधरा मिनिटं धुतली. मेजरला पाच इंजेक्शनं आणि सहा महिने एकट्याने कुलपात. आणि सर, तुम्ही आजच सरकारी दवाखान्यात जा, म्हणाल्या. सोमवारी जाईन. शनिवारी गर्दी असते.

६ ऑक्टोबर
स्कूटरची शेड मेजरला दिली. तीन रंगांत देखभालीचा तक्ता केला. जबाबदार व्यक्ती : मी. दवाखाना राहिला. स्कूटर ओढताना कंबर धरली.

९ ऑक्टोबर
हातमोज्यांचा वास मेजरला आवडत नाही. काढून ठेवले, दहा मिनिटं त्याच्याजवळ बसलो. मानसिक आधारही उपचारच आहे. तक्त्यात रकाना वाढवला.

११ ऑक्टोबर
मला मेजरजवळ उघड्या हातांनी बसलेलं रूथने पाहिलं. भांडली नाही. दुपारी माझं ताट व्हरांड्यात ठेवलं, तांब्याही वेगळा. हा अडाणीपणा आहे, असं मी बंद दाराला सांगितलं.

१५ ऑक्टोबर
शेळ्यावाला बजरंग फाटकाबाहेरूनच बोलला. मास्तर, ते तांबडं पिसाळल्यालं हुतं. चार दिसांत मेलं. माझ्या शेळीला चावल्तं, ती बी आज गेली. तुमच्या मेजरला न्हाई ना धरलं?
किरकोळ, म्हटलं. मग रूथला म्हटलं, चल दवाखान्यात, कंबर दाखवून येऊ.

संध्याकाळी ६
दवाखान्यातली सिस्टर जेनिफर माझी विद्यार्थिनी निघाली. सर, बोट साबणाने धुतलं होतं का? म्हटलं, हळद. ती म्हणाली, सर, हा प्रश्न तुम्ही आम्हाला पाच मार्कांना घालायचात. कापलेल्या बोटातच दिलेली सुई फार दुखली. उशीर झालाय, पण एकही डोस चुकवायचा नाही, म्हणाली. रूथ बाहेर बाकावर होती. डोळे लाल. धूळ फार आहे तिथे.

१२ नोव्हेंबर
माझा शेवटचा डोस झाला. मेजर ठणठणीत. म्हणजे माझाच अंदाज बरोबर. गावात यावर व्याख्यान द्यावं म्हणतो.

२० नोव्हेंबर
रूथ चर्चला गेली होती. मेजरला कॅनॉलपर्यंत फिरवून आणलं. ती लवकर परतली. कुलूप बदललं. मेजरचं खाणं आता तीच देते. तक्ता मी सुधारून ठेवला आहे.

२१ डिसेंबर
एलिझाबेथ नाताळला नातीला घेऊन येणार होती. येत नाही. स्वयंपाकघरात रूथ तिला फोनवर सांगत होती, कुत्र्याची भीती नाही गं, तो कुलपात आहे. तुझ्या बाबांचं काय करू?
मग फोन माझ्याकडे दिला. मी म्हटलं, बरं केलंस बेटा. यंदा इकडे थंडी फार आहे.