सत्वाचा डबा

प्रिय पूजा,

फोन उचलत नाहीस, म्हणून लिहायला बसले. रागावले नाही गो. तुझ्या संदेशरावांनी सगळं सांगितलंय. बाळ आता घरभर रांगतंय, पेजेसाठी हात पुढे करतंय, हे ऐकून जीव भांड्यात पडला.

त्याला जुलाब-उलट्या झाल्या तेव्हा डॉक्टरांनी खाणं विचारलं, तू नाचणीसत्व म्हणालीस. धान्याला बुरशी लागली असेल तर बाधतं, एवढंच ते बोलले. पण सत्व मी करून पाठवलं होतं, आणि कापणीनंतर आमच्या खळ्यावर पाऊस पडला होता, हे तुला ठाऊक. तेव्हापासून तुझा आवाजच ऐकला नाही.

तुझ्या नकळत संदेशरावांनी तुमच्याकडचा डबा इकडे मुरबाडला आणून दिला. तो, आणि आमच्या दोन्ही पोत्यांतली नाचणी वेगवेगळी बांधून मी ठाण्याच्या प्रयोगशाळेत गेले. बुरशी एखाद्याच कोपऱ्यात असते, म्हणून पोत्याच्या तळापासून थोडी थोडी काढून मिसळायची असते. तिथल्या बाई म्हणाल्या, बुरशीचं विष डोळ्यांना दिसत नाही, भाजून-शिजवूनही पुरतं जात नाही. निकाल येईपर्यंत आम्ही घरातही नाचणी शिजवली नाही.

काल निकाल आला. तुझ्या डब्यात विष नाही. ज्या पोत्यातून सत्व केलं, तेही चांगलं. भिजलेल्या दुसऱ्या पोत्यात मात्र निघालं. तुझे दाजी ते कोंबड्यांना घालायला निघाले. मी म्हटलं, “नाय. त्यांचीच अंडी खानार ना आपन?” मग दोघांनी खड्डा खणून सगळं पुरलं. संदेशरावांनी डॉक्टरांनाही निकाल कळवला. त्या आठवड्यात तुमच्या सापगावात बऱ्याच पोरांना जुलाब झाले होते, पाण्याचंच असावं, असं डॉक्टरच आता म्हणतात.

हे सगळं संदेशरावही तुला सांगतील. पण त्यांनी मला आणखी एक सांगितलं, त्यासाठी हे पत्र. दवाखान्यातून आल्यापासून तू बाळाला भरवत नाहीस. वाटी सासूबाईंच्या हातात देतेस आणि मागच्या दारी जाऊन बसतेस. मला वाटायचं, तू मला दोष देतेस. तू तर स्वतःलाच देत होतीस. पूजा, तुझ्या हातून त्याच्या पोटात वाईट काही गेलेलं नाही. आज त्याला तूच भरव.

बाळाची मावशी आणि तुझीच,
काशीताई