स्कोत्स

वॉर्सा, ६ मार्च १९६१

ठरलं. आमच्या प्रमुख बोगनाबाई म्हणाल्या, "स्ताखू, दुसऱ्यांच्या प्रोग्रामसाठी कागदी पट्ट्यांना भोकं किती दिवस पाडणार? शनिवारी तुझा स्वतःचा चालव. चालला तर ह्या खोलीत टेबल तुझं." नाही चालला तर पुन्हा बॉयलरवर, कोळसा ओढायला. नाही जायचं मला.

शेजारच्या टेबलावरचा गेरार्द हसला. तो पक्का वॉर्साचा – निदान रोज तसं सांगतो. मी 'चेमु', म्हणजे 'का', विचारायला गेलो की तोंडातून आमच्या जंगलातल्या गावचं 'त्सेमु' निघतं. झालं. दिवसभर, "त्सेमु, स्ताखू? त्सेमु?"

७ मार्च

गणकयंत्राला मुळात आकडेच कळतात. परवापरवापर्यंत बाईंना सगळं आकड्यांतच लिहावं लागे – कुठल्या कप्प्यातलं घे, कुठल्या कप्प्यात ठेव. मध्येच एक हुकूम घुसडला की पुढचे कप्पे सरकले, बस पुन्हा लिहीत. आता आपल्या शब्दांत लिहायचं – वाच, छाप, उडी मार. त्याचे आकडे यंत्र स्वतःच करून घेतं. चौथीत शाळा सुटलेल्याला आणखी काय हवं?

ओंडक्याच्या जाडीवरून लाकूड किती, तो हिशेब घेतलाय. एक ओंडका झाला की उडी मारून परत वर, पुढचा ओंडका.

११ मार्च

अडलं. पहिल्याच उडीला.

उडी मार म्हणजे 'स्कोच'. मी लिहिलं 'स्कोत्स' – आई म्हणते तसं. आमच्या लिपीत एका अक्षराचा फरक. तेवढ्यावर यंत्र गप्प.

गेरार्द म्हणाला, "अक्षर खाल्लंस की रे. यंत्राला जंगलची बोली कळत नाही."

बाई हसल्या नाहीत. "सोमवारी परत. शेवटचं."

१२ मार्च

चर्चमधून थेट नदीकाठी. च, च, च. एक म्हातारी थांबून म्हणाली, "कुत्रं हरवलं का रे, पोरा?"

१३ मार्च

चालला! एकूण एक ओंडका मोजला. टेबल दारातल्या वाऱ्यात आहे. असू दे. माझं आहे.

२० मार्च

गेरार्दचा प्रोग्राम आज जागच्या जागी गरगरत बसला. बाहेरच पडेना. खोलीत आम्ही दोघंच. त्याने यंत्रावर मूठ आपटली – "स्कोत्स, सैताना, स्कोत्स!"

मग माझ्याकडे बघितलं. कान लालबुंद. मी पट्टी गुंडाळत राहिलो.

तो म्हणाला, "चहा घेणार?"

म्हटलं, "त्सेमु नाही?"