पावात निघालेली चिठ्ठी

वडील बहीण हेस्टरताईला, व्हिटबी मुक्कामी, थर्झाचा नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? (बराच असणार. नसता तर आधी तुझंच पत्र आलं असतं.) इकडे मी धड आहे, मेंढ्या धड आहेत. बिघडलाय तो भाडेकरू.

मेटकाफ मास्तर गं. होरेस गेला नि मी विधवा झाले, तेव्हा माडी त्यांना भाड्यानं दिली, त्याला चार वर्षं झाली. माणूस सज्जन, पण शब्दांचं खूळ. मी पावाचं पीठ मळायला घेतलं की हे दारात हजर. "थर्झाबाई, विंडो म्हणजे मुळात वाऱ्याचा डोळा बरं का!" मी म्हणते, "मग तो डोळा मिटा आधी, गार वाऱ्यानं पीठ फुगत नाहीये." मग बिचारे तेच चिठ्ठीवर लिहितात. चिठ्ठ्या साखरेच्या भांड्यात, चहाच्या डब्यात, पिठाच्या पिंपात, जिथे हात घालावा तिथे. (मी चार बुकं शिकलेली, कोण वाचतंय! सगळ्या वाचते, पण सावकाश.)

गेल्या रविवारी सुगीच्या प्रार्थनेसाठी मी गव्हाच्या पेंढीच्या आकाराचा पाव केला. चहाच्या वेळी पाद्रीणबाईंच्या घासात कागद आला. त्या बाईला दम कुठला! भर चर्चमध्ये मोठ्यानं वाचलं: "लेडी म्हणजे मुळात पाव मळणारी. अख्ख्या खोऱ्यात हे नाव एकीलाच शोभतं, पण तिला सांगायचं धैर्य मला होत नाही."

मास्तर बीटासारखे लाल. मी म्हटलं, "कागद खाऊन कुणी मेलं नाही, चहा प्या." घरी आल्यावर ते म्हणाले, "माझ्यामुळे तुमची शोभा झाली. शनिवारी मी लीड्सला पुतण्याकडे जातो." मी म्हटलं, "जा." (माझं तोंड तुला माहीत आहे. ते पुढे पळतं, मी मागून पोचते.) तेव्हापासून एक चिठ्ठी नाही, ताई. साखरेच्या भांड्यात नुसती साखर. खिडकी नुसती खिडकी.

भाओजींना नमस्कार.
तुझी, थर्झा

ता. क. आज शनिवार. मास्तर अजून इथेच आहेत. डाव्या पायाचा बूट सापडत नाही म्हणतात.

ता. क. दुसरा. बूट पिठाच्या पिंपात आहे. त्यात माझ्या अक्षरात एक चिठ्ठी आहे: हजबंड म्हणजे मुळात काय? (मला ठाऊक आहे. घर करून राहणारा. चहाच्या डब्यात निघालं होतं.) आता त्यांनाच पीठ काढायला धाडते. तू आईची अंगठी घेऊन ये. टपालानं पाठवू नकोस, मला तू हवी आहेस.